आमची वाटचाल : मुक्काम वाढवला तेव्हापासून

सुरुवातीला आम्हीही चारचौघांसारख्याच सहली काढायचो. दहा दिवस, पाच शहरं, सकाळी सातला बस हजर. पत्रकावर ठिकाणांची यादी जितकी लांब, तितकं बुकिंग सोपं. चौकशीच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "किती पॉइंट दाखवता?"

एकदा परतताना बसमध्ये एक काकू मोबाइलमधले फोटो बघत होत्या. एका कारंज्यापाशी त्यांचं बोट थांबलं. "हे कुठलं हो?" चारच दिवसांपूर्वी आम्ही तिथे पंचवीस मिनिटं उतरलो होतो. मलाही चटकन सांगता आलं नाही. माणसं वर्षभराची रजा आणि साठवलेला पैसा आपल्या हाती देतात, आणि आपण त्यांना हे देतो? ते मला फार लागलं.

मग हिशेब मांडला. बॅगा भरायच्या, सकाळी खोली सोडायची, पुढच्या ठिकाणी दुपारी खोली मिळेपर्यंत लॉबीत बसायचं. मुक्काम हलला की अर्धा दिवस गेलाच. पाच शहरं म्हणजे चार वेळा हलणं, म्हणजे दहांतले दोन दिवस सामानापायीच गेले!

याच सुमाराला 'चित्तास्लो'बद्दल वाचलं. इटलीत १९९९ मध्ये चार गावांनी मिळून संथ शहरांचं, म्हणजे घाईगर्दी टाळून निवांत जगू पाहणाऱ्या गावांचं, हे जाळं सुरू केलं. पूर्ण सदस्य व्हायचं तर वस्ती ५०,००० च्या आत हवी. त्या चारांतलं एक ओर्व्हिएतो, उभ्या कड्याच्या खडकावर वसलेलं. बहुतेक सहली ते काही तासांत उरकतात. आम्ही दहा जणांना घेऊन तिथे सहा रात्री राहिलो.

पहिले दोन दिवस "आज काय कार्यक्रम?" चालूच होतं. तिसऱ्या दिवशी रिकाम्या बॅगा पलंगाखाली गेल्या, खिडकीत टॉवेल वाळू लागले. तिथल्या कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर सोनेरी मोझाइक आहे. सकाळी ती सावलीत असते, नुसती सुंदर म्हणावी अशी. संध्याकाळी तिरपं ऊन आलं की तीच भिंत पेटल्यासारखी दिसते. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक रोज त्या वेळी समोर जाऊन बसायचे. चौथ्या संध्याकाळी सगळे दहा जण तिथे होते. कुणी बोलावलं नव्हतं.

धंद्याचं म्हणाल तर पहिल्या वर्षी बरीच जुनी गिऱ्हाईकं गेली. पण सलग मुक्कामाला हॉटेलवाले दर कमी करतात, रोजची बस लागत नाही, आणि खर्चाचं गणित हळूहळू बसलं. जे परत आले ते भाऊ-बहिणींना घेऊन आले.

आता चार रात्रींपेक्षा कमी मुक्काम आम्ही कुठेच ठेवत नाही. प्रत्येक सहलीत एका दिवसापुढची जागा पत्रकात कोरी असते. त्यावर चौकशीत प्रश्न येतोच. त्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः देतो, ऑफिसातल्या कुणावर सोपवत नाही.