मोहलत

जून २०२५ चा पहिला आठवडा. इराणमधल्या मशहद शहराच्या गुलशहर वस्तीतून एक अफगाण बाई निर्वासितांना मदत करणाऱ्या आमच्या कार्यालयात आल्या. सोबत नुकतीच सातवीची परीक्षा दिलेली मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकमध्ये जपलेली शिरगणतीची पावती काढून माझ्यापुढे ठेवली.

त्या पावत्या पाहिल्या की मला आजही त्रास होतो. २०२२ मध्ये सरकारने कागदपत्रं नसलेल्या अफगाणांची शिरगणती केली, तेव्हा ‘नाव नोंदवा, घाबरू नका’ असं घरोघरी सांगत फिरणाऱ्यांत मीही होते. वीस लाखांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. मार्च २०२५ मध्ये त्या पावत्यांची मुदत संपली. काही गटांना सूट मिळाली, बाकीच्यांनी ६ जुलैपर्यंत देश सोडायचा होता. याला इथे ‘मोहलत’ म्हणतात. हा फारसी शब्द मला शिकावा लागला नाही.

इराणवर एकतर्फी दोष ठेवणं मला पटत नाही. चाळीसहून अधिक वर्षं या देशाने अफगाणांना सामावून घेतलं. २०१५ पासून कागद नसलेल्या मुलांनाही शाळेची दारं उघडली. निर्बंध आणि महागाईने इथला माणूस स्वतःच पिचलाय आणि बाहेरून येणारी मदत फारच तोकडी आहे. निर्वासितांच्या छावणीला इथे ‘मेहमानशहर’ म्हणतात. पण मेहमानाला ‘आता निघा’ असंही सांगता येतं.

बाईंचे यजमान वारलेले. घरी पिस्ते फोडून त्या संसार चालवत होत्या. त्यांनी विचारलं, “खानम, सीमेपलीकडे इस्लाम कलाच्या नाक्याहून हेरात शहर किती लांब?”

“साधारण सव्वाशे किलोमीटर.”

“तालिबानचा नियम आहे, ७२ किलोमीटरच्या पुढे बाईसोबत घरचा पुरुष हवा. माझा मुलगा चालेल का?”

ते ऐकून मुलगा ताठ उभा राहिला. मुलीकडे बघायचं मला धैर्य झालं नाही. सहावीनंतर तिथे मुलींना शाळा नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

विधवा आणि लहान मुलं म्हणून सूट मिळावी, असा अर्ज मी लिहायला घेतला. मधेच हेरातमध्ये काम करणाऱ्या एका सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “नाक्यावर कोण उभा असेल त्यावर आहे.” मी ते जसंच्या तसं बाईंना सांगितलं.

“म्हणजे तुम्हालाही माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

त्यांनी अर्जावर अंगठा उठवला. मुलीने खाली स्वतःच्या अक्षरात आईचं नाव लिहिलं.