ब्लोअर रात्री बंद ठेवण्याचा ठराव

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत 168 सदनिका असून तळघरात, वाहनतळाच्या मागच्या बाजूला, विकासकाने बांधून दिलेले सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि असे केंद्र त्या मंजुरीच्या अटींत असते. मी 2024 च्या जानेवारीत सचिव झालो तेव्हा ते कागदोपत्री चालू होते. पंप फिरत होते, ठेकेदाराचे बिल दरमहा येत होते आणि तपासणी अहवालात पाणी उत्तम होते. फक्त तळघरात कुजक्या अंड्यांचा वास येत असे आणि त्यासाठी आम्ही उदबत्त्यांपासून एक्झॉस्ट फॅनपर्यंत सर्व उपाय केले होते.

वासाचे कारण मला नव्या ऑपरेटरने दाखवले. त्याने एअरेशन टाकीतील, म्हणजे ब्लोअर हे यंत्र जिच्यात हवा सोडते त्या टाकीतील, पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून अर्धा तास स्थिर ठेवले. निरोगी केंद्रात तेवढ्या वेळात जिवाणूंचा तपकिरी गाळ तळाशी बसून वर स्वच्छ पाणी दिसते आणि गाळाची उंची दोनशे-तीनशे मिलिलिटरच्या खुणेपर्यंत असते. आमचे पाणी काळे होते आणि तळाशी जेमतेम वीस मिलिलिटर गाळ होता. "साहेब, यातले जिवाणू मेलेत. रात्री हवा बंद असते ना?" असे त्याने विचारले.

हवा रात्री अकरा ते सकाळी सहा बंद असे, कारण तसा ठराव तीन वर्षांपूर्वी झाला होता आणि समितीचा सदस्य म्हणून त्यावर माझीही सही होती. पहिल्या मजल्यावरच्या आजींना आवाजाने झोप लागत नव्हती आणि खजिनदारांना वीजबिलात बचत दिसत होती. मैला खाऊन पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन सतत लागतो. तो तासन्‌तास तोडला की ते निकामी होतात, हवेविना जगणारे दुसरे जिवाणू माजतात आणि त्यांच्यामुळे कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, एवढी माहिती घेण्याची तसदी तेव्हा आमच्यापैकी कोणीही घेतली नव्हती. अहवाल उत्तम कसे येत, याचाही उलगडा झाला. नमुन्याची बाटली बोअरवेलच्या नळावर भरली जात असे. मी स्वतः उभे राहून नमुना घेतला आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत दिला. तेथे 27 अंशांवर तीन दिवस ठेवून काढलेला बीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 96 मिलिग्रॅम आला. प्रदूषण नियंत्रण मंडळाने आम्हाला दिलेल्या संमतीपत्रातील मर्यादा 10 आहे. हे पाणी बायपासने पावसाळी गटारात, तेथून नाल्यात आणि पुढे उल्हासच्या खाडीत जात होते, जेथे त्यातील सेंद्रिय घाण कुजताना माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन ओढून घेते.

दुरुस्तीपूर्वी टाक्या रिकाम्या करणे भाग होते. जुन्या ठेकेदाराने सर्वांत स्वस्त कोटेशन दिले, ज्यात "दोन मजूर, दोरी, बादली" असे चक्क लिहिले होते. समितीतील काहींना त्यात वावगे वाटले नाही. मे 2019 मध्ये आमच्यापासून फार लांब नसलेल्या ढोकाळीत, एका सोसायटीच्या अशाच टाकीत उतरलेले तीन कामगार मरण पावले होते, याची आठवण मी सभेत करून दिली. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो आणि प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजणारा माणूस फसतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने असे काम करून घेणे हा गुन्हा आहे आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली आहे. खरे सांगायचे तर सभेचे मत माणसांच्या जिवापेक्षा या आकड्याने अधिक लवकर बदलले. शेवटी सक्शन यंत्राने गाळ उपसला आणि हवा सोडणारे डिफ्यूझर दोरखंडाने वर ओढून बदलले. कोणीही आत उतरले नाही.

त्यानंतर शेजारच्या सोसायटीच्या चालू केंद्रातून एक टँकर जिवंत गाळ आणून आमच्या टाकीत सोडला. पहिले काही दिवस ऑपरेटर त्यात शेण आणि गूळ कालवून टाकत असे, यावर सोसायटीत बरेच विनोद झाले. ब्लोअरभोवती ध्वनिरोधक पेटी बसवली, खाली रबराचे पॅड घातले आणि जुना ठराव रद्द केला. मी रोज सकाळी नळकांड्यातील गाळाची नोंद वहीत करू लागलो: 60, 80, 110. मध्येच आकडा पुन्हा 70 वर घसरला, कारण एका रविवारी सफाईच्या उत्साहात दोन मजल्यांवरून शौचालयांत भरपूर ॲसिड ओतले गेले होते. चौथ्या आठवड्यात तो 230 झाला, पाणी तपकिरी झाले आणि तळघरात ओल्या मातीसारखा वास येऊ लागला. पुढच्या तपासणीत बीओडी 8 आला.

शुद्ध केलेले पाणी फ्लशला देण्यास सर्वाधिक विरोध झाला. माणशी रोजच्या 135 लिटरपैकी 45 लिटर फ्लशसाठी धरतात. आमच्या सुमारे 650 रहिवाशांचे ते 29,000 लिटरच्या पुढे, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर होतात. उन्हाळ्यात टँकरची बिले भरणाऱ्यांना हा हिशेब पटला, परंतु कावीळ आणि टायफॉइडची भीती रास्त होती. म्हणून वाळू व कार्बन फिल्टरनंतरच्या टाकीत क्लोरीन रोज मोजून त्याचा आकडा सूचनाफलकावर लावतो, फ्लशच्या नळांना वेगळा रंग दिला आहे आणि बागेत तुषार न उडवता ठिबकने पाणी देतो.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चेंबरच्या फुटक्या झाकणांतून पावसाचे पाणी शिरून गाळ वाहून गेला आणि वहीतील आकडा 90 वर आला. नऊ झाकणे बदलायची आहेत. तीन कोटेशन आली असून ती येत्या सभेत मांडणार आहे.