सातच जण उरले

शनिवार, रात्री साडेबारा. एडिंबरा.

“मी नुसती बघते,” एवढंच म्हणाले. एका आजोबांनी नाचायला पुढे केलेला हात मागे घेतला, हसले आणि खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्यापाठोपाठ आणखी सहा जण बसले. ते का बसले, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

एटसम रील या स्कॉटिश नाचाला आठच माणसं लागतात. चार जोड्या, चौकोनाच्या चार बाजूंना. सातांचा सेट होत नाही.

इतक्या लोकांत एकटं बसणं काय असतं, हे आईला फोनवर सांगणार होते. राहू दे.

शेजारचा सेट बघत राहिले. सुरुवात 40 बारची, बार म्हणजे संगीतातलं तालाचं एक माप. आठही जण हात धरून डावीकडे गोल, मग उलटे. नंतर चक्र: आधी बायका मधोमध उजवे हात जोडून, मग पुरुष आत येऊन डावे. जोडीदारासमोर पावलं, गिरकी. शेवटी साखळी, जोडीदाराला उजवा हात, पुढच्याला डावा, पुन्हा उजवा. नवखी माणसं इथेच चुकतात. नजर सोडलेल्या हातावर रेंगाळते, तोवर पुढचा हात समोर आलेला असतो. गिरकीत हात सैल सोडला तर दोघंही भेलकांडतात. फुगडीसारखंच, दोघांनी सारखाच ताण द्यायचा.

मग पहिली बाई मधे. बाकीचे सात जण तिच्याभोवती गोल. ती जोडीदारासमोर नाचते, गिरकी घेते, मग समोरच्या पुरुषाबरोबर तेच, आणि तिघं मिळून इंग्रजी आठाच्या आकड्यात एकमेकांभोवती फिरतात. पुन्हा मधे, आता उरलेल्या दोन पुरुषांबरोबर तसंच. असे 48 बार. चारही बायका, मग चारही पुरुष, आणि शेवटी सुरुवातीचे 40 पुन्हा. एकूण 464.

आणि ते सात जण बसून होते. माझ्यामुळे.

मला भीती मधे उभं राहण्याचीच होती. सगळे आपल्याकडे बघतायत आणि पाय कुठे टाकायचा ते ठाऊक नाही. पण मधे ठरलेली पावलं नसतातच, हवं ते करायचं. शिवाय पहिल्या जोडीची पाठ वादकांकडे असते, तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दुसरी, तिसरी, चौथी. चौथ्या बाईची पाळी येईपर्यंत तिने तिघींना पुरतं पाहिलेलं असतं.

त्या सेटमध्ये आजोबांची जागा वादकांकडे तोंड केलं की डाव्या हाताला होती. मघाशी मी ती नीट पाहिलीच नव्हती. आत्ता कागदावर चौकोन काढला, चारदा मोजला. ती चौथ्या जोडीची जागा.

पुढच्या शनिवारी सपाट, मऊ तळव्यांचे बूट न्यायचे. या बुटांनी गिरकीत पाय धरला असता.

आईला फोन करायचा राहिला.

जोडीदाराला उजवा. पुढच्याला डावा.