नवऱ्याची सही लागत नाही

फेब्रुवारी २०१६ मध्ये मेनका गांधी जयपूरमध्ये म्हणाल्या, प्रत्येक गरोदर बाईची गर्भलिंग तपासणी सक्तीची करा आणि नोंद ठेवा, म्हणजे पोटात मुलगी असेल तर जन्मापर्यंत लक्ष ठेवता येईल. तेव्हा त्या केंद्रात महिला व बालविकास मंत्री होत्या. टीकेची झोड उठल्यावर हा फक्त एक विचार होता, असा खुलासा आला. पण त्यामागचा घोळ आपल्याकडे आजही घट्ट बसलेला आहे: गर्भपात म्हणजे स्त्रीभ्रूणहत्या.

कायदे दोन आहेत आणि वेगळे आहेत. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वात आधी महाराष्ट्राने १९८८ साली केला, तोही मुंबईतल्या स्त्री संघटनांच्या रेट्यामुळे. गर्भपाताचा कायदा त्याआधीचा, १९७१चा. ज्या समितीच्या अहवालावर तो उभा राहिला, तिचे अध्यक्ष होते शांतिलाल शाह, महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. चोरून, नको त्या हातांनी होणाऱ्या गर्भपातांत जाणारे जीव वाचवायचे, ही त्या कायद्यामागची तळमळ. आज गर्भपातावर इतक्या स्वच्छपणे बोलणारा नेता शोधावा लागतो.

घोळाची किंमत कशी मोजावी लागते ते पाहा. गर्भपाताच्या पाकिटात ५ गोळ्या असतात: मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची १, मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या ४. त्या ९ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या देखरेखीखाली चालतात. सोनोग्राफीत लिंग खात्रीने दिसायला मात्र साधारण १३-१४ आठवडे जावे लागतात. तरीही २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण गाजल्यावर राज्यभर तपासण्या झाल्या त्या या गोळ्यांच्याच, आणि कटकट नको म्हणून अनेक मेडिकलवाल्यांनी त्या ठेवणंच सोडलं.

आठवडे मोजण्यातही हमखास चूक होते. मोजणी पाळी चुकल्यापासून नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. २८ दिवसांची पाळी एक आठवडा पुढे गेली, तर तेव्हाच ५ आठवडे झालेले असतात.

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४मध्ये दोघांचं, आणि ठरावीक परिस्थितीतच: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, मध्येच आलेलं वैधव्य किंवा घटस्फोट वगैरे. अविवाहित स्त्रीलाही ही मुभा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं. २४च्या पुढे, बाईचा जीव वाचवायला तातडीने करावा लागणारा गर्भपात सोडला, तर फक्त गर्भात गंभीर व्यंग असेल तर, वैद्यकीय मंडळाच्या मंजुरीने. मंडळाने ३ दिवसांत मत द्यायचं असतं. बाकीच्यांना कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तिथे प्रत्येक दिवसाने गर्भ वाढतच असतो.

आता फॉर्म सी, म्हणजे गर्भपातासाठी बाईने द्यायचं संमतिपत्र. जेमतेम अर्धं पान. नाव, ‘यांची मुलगी/पत्नी’ अशी रिकामी जागा, वय, पत्ता, रुग्णालयाचं नाव, तारीख, सही. गोंधळ होतो तो त्या रिकाम्या जागेवर. तिथे फक्त नाव लिहायचं असतं, सही नाही. पालकाच्या सहीचा भाग खाली वेगळा आहे, तो १८ वर्षांखालील किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. नवऱ्याच्या सहीला फॉर्मवर जागाच नाही. काउंटरवर कुणी ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणालं, तर फॉर्म सी मागून घ्या आणि ती सही नेमकी कुठे करायची ते दाखवायला सांगा.