नंबर वाचता आला पाहिजे

माझ्या पहिल्या दीडेकशे फोटोंत रेल्वेगाडी उभी आहे. खरं तर ती चांगली शंभरच्या वेगाने पळत होती, पण फोटोत बघाल तर सायडिंगला लावून ठेवल्यासारखी. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. शटर १/१००० वर, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग उघडं, असेल तर फोटो निघेपर्यंत ती सरकते जेमतेम तीन सेंटिमीटर. त्यामुळे इंजिनावरचा नंबर, काचेवरचा वायपर, खडीतला दगड न् दगड, सगळं लख्ख आलं होतं. गाड्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्या चौघांत वयाने मोठे असलेल्या काकांनी ते फोटो शांतपणे पाहिले आणि विचारलं, "छान. यार्डात गेला होतास का?"

तिथून पॅनिंगचं खूळ डोक्यात शिरलं. शटर मुद्दाम संथ ठेवायचं, १/३० किंवा १/४०, आणि कॅमेरा गाडीच्या चालीने फिरवायचा. १/३० सेकंदात तीच गाडी ९३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. ती चाल हाताने बरोबर धरली तर इंजिन रेखीव येतं आणि मागच्या झाडांच्या आडव्या रेघा होतात. नाही धरली तर इंजिनाच्याही रेघा होतात. माझ्या झाल्या. पुढचे तीन महिने होत राहिल्या.

आधी मी उभाच चुकीच्या जागी राहत होतो. आमची जागा कुंपणाबाहेरच्या पायवाटेवर. कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही आणि चालकाच्या तोंडावर फ्लॅश मारायचा नाही, हे दोन नियम काका कुणालाच मोडू देत नाहीत. तिसरा नियम असा, की उशिरा येईल त्याने मागे उभं राहायचं. मी लवकर जाऊन कुंपणाला चिकटून उभा राहायचो. पण जितकं जवळ उभं राहावं तितकी गाडी झटक्याने समोरून निघून जाते, मान आणि हात मागेच राहतात. काकांनी मला शंभरेक पावलं मागे नेलं आणि लांब पल्ल्याची लेन्स लावायला लावली. चाल एकदम हाताच्या आवाक्यात आली.

मग बर्स्टने, म्हणजे बटण दाबून धरलं की सलग फोटो काढत राहण्याच्या सोयीने, घात केला. वळणावर इंजिनाचं तोंड दिसताच मी बटण दाबून धरलं. कॅमेरा खडखडखड करत फोटो काढत सुटला आणि इंजिन नेमकं समोर आलं तेव्हा बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो साठतात ती जागा, भरून गप्प झाला. गाडी माझ्यासमोरून जात होती आणि मी कार्डाचा लाल दिवा बघत होतो. घरी येऊन ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकन छायाचित्रकाराबद्दल वाचलं. १९५५ ते १९६० या काळात त्याने नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं रात्री, रेल्वेच्या सहकार्याने, फ्लॅश बल्बांच्या उजेडात टिपली. ते बल्ब एकदाच पेटायचे. पेटले की बदलायचे, म्हणजे गाडी गेल्यावर दुसरी संधी नाही. मला चाळीस संधी होत्या आणि एकही कामी आली नव्हती. लाजेकाजेस्तव मी बर्स्ट तीन फोटोंवर आणला.

दुपारचं ऊन हे आणखी एक दुखणं. संथ शटरने फोटो पांढराफटक पडतो, म्हणून लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र एफ/२२ पर्यंत बारीक केलं, तर सेन्सरवरची सगळी धूळ आकाशात ठिपके होऊन उगवली. ढगाळ सकाळ पकडायची हे तेव्हा कळलं. एकदा तर सगळं जुळून आलं होतं आणि ऐन क्षणी मधल्या रुळावरून मालगाडी आडवी आली. लांबलचक. चौघेही डबे मोजत उभे राहिलो.

खरा फरक पडला तो पायांमुळे. मी गाडीकडे तोंड करून उभा राहायचो आणि ती पुढे जाईल तसा पिळत जायचो. शटर दाबायच्या क्षणी अंग पार आवळलेलं. काकांनी उलटं सांगितलं. पाय जिथे फोटो काढायचा तिकडे रोवायचे, कंबरेतून वळून गाडीला दुरूनच फ्रेममध्ये घ्यायचं आणि ती येईल तसा पीळ सोडत यायचं. शटर दाबल्यावरही थांबायचं नाही, बोलर चेंडू सोडून जागच्या जागी थिजत नाही तसं. हा सराव मी गाड्यांवर केलाच नाही, रस्त्यावरच्या सायकलींवर केला. त्या दर मिनिटाला येतात.

बाकीचं काम सोबतीचं. वळणापलीकडे जिथून सिग्नल दिसतो तिथे एक जण उभा राहतो आणि फोनवर एवढंच म्हणतो, "हिरवा." मग गप्पा बंद. थोड्या वेळाने रूळ बारीक शीळ घालायला लागतात. ती काकांना आमच्याआधी ऐकू येते, या वयातही. ते नुसता हात वर करतात.

अखेर एका ढगाळ सकाळी हात वर झाला, मी कंबरेतून वळलो, इंजिनावरच्या नंबराला फोकसच्या चौकटीत धरलं आणि तिथून नजर हलवली नाही. १/४०, एफ/११. तीन फोटो. पहिले दोन गेले. तिसऱ्यात इंजिनाचं तोंड जागेवर होतं, मागे हिरव्या रेघा, आणि शेपटाकडचे डबे पुसट. डबे का पुसट म्हणून मी हिरमुसलो, तर काका म्हणाले, "गाडीचा प्रत्येक भाग तुझ्या डोळ्यासमोरून वेगळ्या चालीने सरकतो रे. तू एकाच भागाची चाल धरू शकतोस. तोंडाची धरलीस, बास झालं. नंबर वाच."

मी फोटो मोठा करून वाचला. शेवटचा आकडा आठ.

शेजारच्या मित्राने नोंदीसाठी तोच क्षण १/१००० वर टिपला होता, माझ्या जुन्या पद्धतीने, उभी गाडी. त्याने स्क्रीन पुढे केली. शेवटचा आकडा तीन होता.

काकांनी तरीही माझाच फोटो मागून घेतला.