स्वस्त पॉलिसी स्वस्त का आहे? मोटारसायकलचा विमा निवडण्याविषयी

मोटारसायकलच्या विम्याचे दर एकाखाली एक मांडून दाखवणारी संकेतस्थळे आता भरपूर झाली आहेत, आणि त्यामुळे विमा निवडणे म्हणजे त्या यादीतला सर्वांत लहान आकडा निवडणे, अशी अनेकांची समजूत होऊन बसली आहे. मलाही अशी यादी उपयोगाची वाटते, पण वेगळ्या कारणासाठी. तेच वाहन, तोच चालक आणि तोच परिसर असताना दोन कंपन्यांच्या हप्त्यांत ठळक फरक दिसला, तर त्या फरकाला काहीतरी कारण असलेच पाहिजे, आणि ते कारण शोधता शोधता पॉलिसी आपोआप वाचून होते. कधी ते कारण निव्वळ धंद्याचे असते: कंपनीला त्या वर्गातले ग्राहक वाढवायचे असतात किंवा मधल्या एजंटाचे कमिशन वाचलेले असते. पण पुष्कळदा वाहनाचे धरलेले मूल्य, नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा आणि दुसऱ्याला द्याव्या लागणाऱ्या भरपाईची मर्यादा, या तिघांपैकी एखादा आकडा गुपचूप हललेला असतो. हे तीन आकडे सारखे करून घेतल्याशिवाय केलेली हप्त्यांची तुलना ही तुलनाच नव्हे.

यातला तिसरा आकडा मी सर्वांत आधी पाहतो, कारण माणसाला आयुष्यभर पुरेल एवढे कर्ज तिथेच होऊ शकते. वाहनविम्याची सक्ती ज्या हेतूने सुरू झाली, त्यात मालकाच्या वाहनाचा विचार नव्हता. ब्रिटनमध्ये 1930 च्या रस्ते वाहतूक कायद्याने विमा सक्तीचा केला, तो रस्त्यावर जखमी होणाऱ्या किंवा मरण पावणाऱ्या इतरांना भरपाई मिळावी म्हणून. इतर बहुतेक देशांतल्या सक्तीमागेही हाच विचार आहे. म्हणूनच केवळ कायद्यापुरती घेतलेली थर्ड पार्टी पॉलिसी आपल्या गाडीच्या तुटलेल्या आरशालासुद्धा पैसे देत नाही, आणि ती तशीच असणे योग्यही आहे. मात्र दुसऱ्याला मिळणारी भरपाई कुठवर जाऊ शकते, हे देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये शारीरिक इजेच्या भरपाईला पॉलिसीत वरची मर्यादा नसते. याउलट अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत कायदा फक्त किमान रकमा ठरवून देतो. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून ही किमान मर्यादा एका व्यक्तीच्या इजेसाठी 30,000 डॉलर, एका अपघातातील सर्व व्यक्तींसाठी मिळून 60,000 डॉलर आणि मालमत्तेसाठी 15,000 डॉलर अशी झाली. त्याआधी हेच आकडे 15,000, 30,000 आणि 5,000 होते. हाड मोडून शस्त्रक्रिया करावी लागली, तर रुग्णालयाचे बिल अशा किमान मर्यादेच्या पलीकडे सहज जाते आणि उरलेली रक्कम चालकाच्या खिशातून वसूल होऊ शकते. जिथे मर्यादा निवडण्याची मुभा आहे तिथे ती वाढवायला लागणारा जादा हप्ता, वाढलेल्या संरक्षणाच्या मानाने, बहुधा थोडाच असतो. त्यामुळे इथे काटकसर करणे मला तरी पटत नाही.

मोटारसायकलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कारच्या सवयीमुळे सुटून जाते. अपघातात कारचा पत्रा चेपतो, मोटारसायकलवरचा माणूस मात्र थेट रस्त्यावर पडतो. तरीही आपल्या पॉलिसीत सर्वांत कमी लक्ष दिलेला भाग चालकाच्या स्वतःच्या शरीराचाच असतो. न्यू यॉर्क राज्यात चूक कोणाची हे न पाहता उपचारांचा खर्च देणारी ‘नो-फॉल्ट’ योजना आहे, पण मोटारसायकलवर बसलेल्यांना त्या योजनेचे लाभ मिळत नाहीत. म्हणजे कारचालकाला आपोआप मिळणारी गोष्ट दुचाकीस्वाराला वेगळी व्यवस्था करून मिळवावी लागते. म्हणून वैयक्तिक अपघात संरक्षण पॉलिसीत आहे का, ते फक्त मृत्यूसाठी आहे की कायमच्या अपंगत्वासाठीही आहे, काही आठवडे काम बंद राहिल्यास त्यातून काही मिळते का, आणि मागे बसणाऱ्याला ते लागू होते का, हे प्रश्न आधी विचारावेत. मागे बसणाऱ्याचा प्रश्न तर विशेष महत्त्वाचा आहे, कारण काही पॉलिसींत त्याच्यासाठी स्वतंत्र कलम जोडून घ्यावे लागते, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच घरातला माणूस असतो. ज्याच्याकडे आधीपासून पुरेसा आरोग्य विमा आणि अपघात विमा आहे, त्याने याच जोखमीसाठी दोनदा पैसे भरण्याचे कारण नाही, हेही तितकेच खरे.

आता वाहनाच्या मूल्याकडे येऊ. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, याचा हा आकडा असतो, आणि तो खाली ओढला की हप्ताही कमी होतो. भारतातील पॉलिसीत याला आयडीव्ही म्हणतात. तिथे दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या 75 टक्क्यांपुढे गेला की गाडी पूर्ण निकामी धरली जाते, आणि या नियमाचा एक परिणाम सहसा कोणी लक्षात घेत नाही: हप्ता वाचवण्यासाठी मूल्य कमी लावले, की गाडी ‘निकामी’ ठरण्याची रेषाही खाली येते, आणि जी गाडी योग्य मूल्यावर दुरुस्त होऊन परत आली असती ती भंगारात जाऊन हाती अपुरी रक्कम येते. गाडी कर्जावर घेतली असेल, तर ती रक्कम उरलेल्या कर्जाएवढीही नसण्याची शक्यता राहते. उलट, मूल्य फुगवून लावण्यातही शहाणपण नाही. जी पॉलिसी घटनेच्या दिवशीचा बाजारभावच देते तिच्यात आपण जादा हप्ता भरतो आणि जादा काहीच मिळत नाही. जुन्या, जपलेल्या गाड्यांसाठी दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेल्या मूल्याची पॉलिसी काही ठिकाणी मिळते, आणि अशा गाडीच्या मालकाने तिचाच आग्रह धरावा.

मूल्याला लागूनच घसाऱ्याचा विषय येतो. सुटे भाग बदलताना कंपनी जुन्या भागाची झीज वजा करते, आणि भारतातील प्रमाणित पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांच्या किमतीतून ही वजावट 50 टक्के असते. गाडी एका अंगावर पडली की सर्वांत आधी फुटते ते फेअरिंग (गाडीवरचे बाहेरचे आवरण), इंडिकेटर आणि मडगार्ड, आणि नव्या पद्धतीच्या स्पोर्ट्‌स मोटारसायकलींत हे बहुतांशी प्लास्टिकच असते. तेव्हा घसारा माफ करणारे ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचे संरक्षण, अशा गाडीला पहिल्या काही वर्षांत परवडते. साध्या, पत्र्याच्या, कमी भागांच्या गाडीला त्याचा उपयोग बराच कमी.

स्वतः सोसायच्या रकमेचा, म्हणजे डिडक्टिबलचा, हिशेब मात्र कागदावर मांडून पाहावा, कारण इथे अंदाज फसवतो. त्यासाठी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केलेल्या सलग वर्षांगणिक हप्त्यात वाढत जाणारी सवलत, सोबत धरावा लागतो. भारतातील बोनसची शिडी 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के अशी आहे, आणि एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते. जो चालक 50 टक्क्यांवर पोहोचलेला आहे, त्याने दावा केला तर पुढच्या पाच वर्षांत त्याची सवलत अनुक्रमे 50, 30, 25, 15 आणि 5 टक्क्यांनी कमी राहते. बेरीज 125 टक्के. म्हणजे मूळ हप्ता तेवढाच राहील असे धरले, तर एका दाव्याची छुपी किंमत स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी आकारलेल्या पूर्ण वार्षिक हप्त्याच्या सव्वापट होते. समजा, गाडीचे मूल्य 100 भाग आहे, पूर्ण हप्ता 2 भाग आणि डिडक्टिबल 1 भाग. 3 भागांचे नुकसान झाले तर कंपनी 2 भाग देईल आणि बोनसमधून अडीच भाग जातील. दावा न केलेलाच बरा. साडेतीन भागांच्या खालचे कोणतेही नुकसान असा चालक कंपनीकडे नेणार नाही, तरीही 1 ते साडेतीन भागांमधल्या नुकसानीच्या संरक्षणाचे पैसे तो दरवर्षी भरत असतो. पूर्ण बोनस असलेल्या सावध चालकाने डिडक्टिबल वाढवून घ्यावे, असे मी म्हणतो ते याच हिशेबाच्या जोरावर. अट एकच, की ती रक्कम अपघाताच्या आठवड्यात उसनवारी न करता उभी करता आली पाहिजे. काही कंपन्या बोनस वाचवणारे ॲड-ऑन देतात. ते घेतले तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. चोरी किंवा मोठा अपघात यांचा प्रश्नच वेगळा, तिथे बोनसचा विचार करत बसू नये.

रस्त्यावरची मदत, चावी हरवल्यास भरपाई यांसारखी इतर ॲड-ऑन्स हप्त्याच्या मानाने किरकोळ असतात आणि ज्याला जी लागतील ती त्याने घ्यावीत. इंजिनात पाणी शिरल्याचे नुकसान मात्र अनेक पॉलिसींत मूळ संरक्षणाबाहेर असते, कारण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिन बिघडले, तर तो अपघात मानला जात नाही. हेल्मेट, जॅकेट आणि नंतर बसवलेल्या पेट्या हेही आपोआप धरले जात नाहीत. त्यांचे मूल्य वेगळे लिहून द्यावे लागते.

शेवटी अपवादांचे पान, जे कोणत्याही तुलनायादीत दिसत नाही. खासगी वापरासाठी विमा उतरवलेल्या गाडीवरून पैसे घेऊन सामान किंवा जेवण पोहोचवताना अपघात झाला, शर्यतीत किंवा ट्रॅकवर गाडी पडली, चालकाकडे त्या वर्गाचा परवाना नव्हता, असे असेल तर दावा नाकारला जाण्याची दाट शक्यता असते. सायलेन्सर बदलणे किंवा इंजिनाची क्षमता वाढवणे यांसारखे फेरफार कंपनीला लेखी कळवले, तर हप्ता थोडा वाढेल किंवा एखादी कंपनी विमा उतरवायलाच नकार देईल. पण तो नकार दाव्याच्या वेळी येण्याऐवजी आधी आलेला परवडतो, कारण तेव्हा दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची सोय शिल्लक असते. चोरीच्या दाव्यात कंपन्या बहुधा सर्व मूळ चाव्या मागतात, त्यामुळे दुसरी चावी कुठे आहे हे पॉलिसी घेण्याच्या दिवशीच पाहून ठेवावे.