पावो कायांदेर आणि शेक्सपिअरची उलटी चाल

फिनलंडचं राष्ट्रगीत फिनिशमध्ये गाणारे अनुवादक पावो कायांदेरचे शब्द गातात. कवी रूनेबेर्गची मूळ कविता स्वीडिश. युलिउस क्रोन आणि मंडळींच्या १८६७ च्या अनुवादाच्या आधारे कायांदेरने १८८९ मध्ये हा पाठ तयार केला. पण माझ्या मते त्याचं मोठं काम दुसरंच. १८७९ च्या 'हॅम्लेट'पासून १९१२ पर्यंत त्याने एकट्याने शेक्सपिअरची ३६ नाटकं फिनिशमध्ये आणली, आणि पद्य होतं तिथे पद्यच ठेवलं.

अडचण छंदाची होती. शेक्सपिअरची निर्यमक ओळ म्हणजे लगा लगा लगा लगा लगा. फक्त इथे 'गा' म्हणजे आघात (जोर) असलेला अवयव (सिलेबल), 'ल' म्हणजे हलका, बिनआघाताचा; ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब वेगळा. फिनिशमध्ये आघात कायम शब्दाच्या पहिल्याच अवयवावर, शिवाय इंग्रजीसारखी हलकी उपपदंही ('a', 'the') नाहीत. मग ओळ हलक्या अवयवाने उघडायची कशी?

एक उपाय एकावयवी शब्दांचा: 'या' (आणि), 'ओन' (आहे), 'ओई' (अगे). राष्ट्रगीतच बघा: 'ओई मामे, सुओमी, स्युन्न्यिन्मा'. 'ओई' काढा, की ओळ गाल गाल गाल गा अशी उलटी चालते. ती चाल फिनिशची स्वतःची, 'कालेवाला' या फिनिश महाकाव्याची. (लेखक लागेरवालने १८३४ मध्ये 'मॅकबेथ'चं रूपांतर त्याच छंदात करून हा प्रश्नच टाळला होता!)

दर ओळीला 'या' लावला तर कीर्तन होतं. म्हणून दुसरा उपाय: सुरुवातीला तीन अवयवांचा शब्द. पहिली जोडी उलटते, पण पुढचा शब्द बरोबर चौथ्या जागी, आघातासकट येतो आणि लय सावरते.

लांबीचं काय? विभक्तिप्रत्यय चिकटून शब्द लांबतात, दहा अवयवांत वाक्य मावत नाही. मग शेपट्या छाटायच्या: 'मुत्ता'चं 'मुत', 'युक्सी'चं 'युक्स'. छापील पानावर हे खपतं. रंगमंचावर अति झालं की संवाद तुटक वाटतात. आणि ही नाटकं बोलण्यासाठीच होती. कार्लो बेर्गबोमने स्थापलेलं फिनिश नाट्यगृह १८७२ चं. १८८१ मध्ये तिथे अभिनेत्री ईदा आलबेर्ग ज्युलिएट झाली ती कायांदेरच्याच ओळींत.

१८९० पासून कायांदेर हेलसिंकी विद्यापीठात फिनिश शिकवत होता. १९१३ मध्ये वारला. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर त्याचं 'हॅम्लेट' मोफत आहे. फिनिश येत नसेल तरी एखादं पान मोठ्याने वाचा, प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अवयवावर जोर देत.